नवीन राउटरमुळे घरातील फाइल शेअरिंग बंद : तक्रार अर्ज

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
ब्रॉडबँड विभाग

विषय : नवीन राउटर बसवल्यापासून घरातील संगणकांमधील फाइल शेअरिंग व प्रिंटिंग बंद असल्याबाबत, आणि तक्रार न सोडवताच बंद केल्याबाबत.

महोदय,

लातूरमध्ये औसा रोड परिसरात आमच्या घरी आपल्या कंपनीचे फायबर कनेक्शन आहे. याच घरातून मी आणि माझ्या जाऊबाई कोचिंग क्लासेसच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देण्याचे काम करतो. मी खालच्या खोलीत डेस्कटॉपवर टाइप करते, जाऊबाई वरच्या मजल्यावर लॅपटॉपवर प्रूफ वाचतात. दोघींमध्ये एकच शेअर्ड फोल्डर आहे. त्यांनी दुरुस्ती करून सेव्ह केले की तीच फाइल माझ्यासमोर उघडते आणि शेवटची प्रत वायफाय प्रिंटरवर निघते. आपल्या माणसाने जुना राउटर काढून नेऊन नवीन बसवला, तोपर्यंत हे सगळे विनातक्रार चालू होते. तेव्हापासून लॅपटॉपला डेस्कटॉप सापडत नाही आणि दोन्हींना प्रिंटर सापडत नाही. इंटरनेट मात्र उत्तम चालते, वेगाबद्दल माझे काहीच म्हणणे नाही.

हेल्पलाइनवर सांगण्यात आले की नेट चालू आहे म्हणजे आमच्याकडून सगळे ओके आहे, बाकी तुमच्या विंडोजचा प्रॉब्लेम आहे, फॉरमॅट मारून घ्या. हे उत्तर चुकीचे आहे. मी एकेक गोष्ट तपासून हे लिहीत आहे. पुढचा मजकूर कृपया नेटवर्कचे काम जाणणाऱ्या माणसाच्या हाती द्यावा.

दोन्ही संगणक एकाच वायफायला जोडलेले आहेत, गेस्ट नेटवर्कला नाहीत. डेस्कटॉपचा आयपी पत्ता १९२.१६८.१.१० आणि लॅपटॉपचा १९२.१६८.१.१४ आहे. सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०, गेटवेही एकच. नेटवर्क प्रोफाइल दोन्हीकडे प्रायव्हेट आहे, नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल-प्रिंटर शेअरिंग चालू आहे. संगणकाच्या नावाने फोल्डर उघडेना म्हणून थेट आयपी पत्ता टाकून पाहिला, तरी ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ हीच एरर आली. म्हणजे नाव ओळखण्यातही घोटाळा नाही.

लॅपटॉपवरून राउटरला पिंग (समोरचे उपकरण उत्तर देते का हे पाहणारा छोटा संदेश) जाते, डेस्कटॉपला जात नाही. इथे स्क्रीनवरचे शब्द नीट वाचावेत, अशी माझी विनंती आहे. डेस्कटॉपची फायरवॉल पिंग अडवत असती तर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आले असते. माझ्याकडे येते ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’, आणि तेही लॅपटॉपच्या स्वतःच्याच पत्त्यावरून. लगेच एआरपीची यादी (कोणत्या आयपी पत्त्याचे उपकरण सापडले त्याच्या नोंदी) काढली, तर तिच्यात राउटरची नोंद आहे, डेस्कटॉपची नाही. एकाच नेटवर्कमधला संगणक दुसऱ्याशी बोलण्याआधी ‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ अशी हाक सगळ्यांना देतो, आणि समोरच्याने आपला मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) कळवला तरच पुढचे बोलणे होते. विंडोजची फायरवॉल या हाकेच्या आड येत नाही. ही हाकच पलीकडे पोचत नसेल, तर शेअरिंगच्या सेटिंग, पासवर्ड, परवानग्या यांचा प्रश्न अजून आलेलाच नाही.

मग दोन्ही संगणक केबलने राउटरला जोडले. फोल्डर तत्काळ उघडला. डेस्कटॉप केबलवर ठेवून लॅपटॉप वायफायवर नेला, तरीही उघडला. दोन्ही परत वायफायवर आणले की बंद. शेवटी आपला राउटर बाजूला ठेवून दोन्ही संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतले, तर वायफायवरूनच फोल्डर उघडला आणि मोठी फाइल कॉपीही झाली. संगणक तेच, विंडोज तेच, फोल्डर तोच. बदलला फक्त राउटर.

वायफायवरची उपकरणे एकमेकांपासून तोडणारी सेटिंग राउटरमध्ये असते. तिला एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन म्हणतात. लॉजवर, रेल्वे स्टेशनवर, अनोळखी माणसे एकच वायफाय वापरतात तिथे ती हवीच. एका कुटुंबाच्या घरात ती न विचारता चालू करून देण्याचे कारण काय? आणि ती मी स्वतः बंद करू शकत नाही. राउटरच्या पानावर मला दिलेल्या लॉगिनने वायफायचे नाव आणि पासवर्ड एवढेच बदलता येते. बाकीच्या सेटिंगचा पासवर्ड कंपनीकडे आहे, आणि मागितला तर ‘पॉलिसीत नाही’ असे सांगतात.

यापुढची गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. घरी आलेल्या टेक्निशियनने राउटरचे पान उघडलेसुद्धा नाही. त्याने सरळ माझ्या डेस्कटॉपची फायरवॉल बंद केली, पासवर्डविना शेअरिंग चालू केले, फोल्डरला ‘एव्हरीवन’च्या नावाने पूर्ण परवानगी दिली आणि विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ला, म्हणजे फाइल शेअरिंगच्या जुन्या, असुरक्षित पद्धतीला, टिक केले. मी हरकत घेतली तेव्हा म्हणाला, “काय होत नाही मॅडम, सगळीकडं असंच करून देतो.” मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला तो याच एसएमबी १मधल्या उणिवेतून. त्याच वर्षापासून मायक्रोसॉफ्टने नव्या विंडोजमध्ये ते मुळात बसवणेच बंद केले. इतके करूनही शेअरिंग सुरू झाले नाहीच, आणि फायरवॉल बंद ठेवूनच तो निघून गेला. मी सगळे पूर्ववत केले. पण ‘सगळीकडं’ म्हणजे लातुरातल्या आणखी किती घरांत आपल्या नावाने असे उघडे संगणक ठेवले गेले असतील? ही माणसे आपल्या ओळखपत्रावर घरात येतात. माझी स्वतःची अडचण बाजूला ठेवली, तरी एवढी एक गोष्ट आपण तातडीने थांबवली पाहिजे.

“तोवर पेन ड्राइव्ह वापरा, नाहीतर व्हॉट्सॲपवर टाका,” असाही सल्ला मिळाला. परीक्षेआधी प्रश्नपत्रिका व्हॉट्सॲपवर टाकायची नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे. क्लासवाले आमच्याकडे येतात ते त्या भरवशावर. पेन ड्राइव्हने काय होते तेही सांगते. रविवारच्या नीट सराव परीक्षेचा पेपर होता, १८० प्रश्नांचा. जाऊबाईंनी रसायनशास्त्रातल्या एका प्रश्नातल्या बेंझीनच्या आकृत्या दुरुस्त केल्या, कारण दोन पर्यायांत एकच रचना आली होती. जिन्यावरून पेन ड्राइव्हची ये-जा चालू असताना एका पेपरच्या तीन प्रती झाल्या आणि क्लासला गेली ती दुरुस्तीआधीची. छपाईला टाकण्यापूर्वी सरांच्या नजरेस पडले म्हणून निभावले. शेअर्ड फोल्डर असता तर प्रत एकच राहिली असती.

शिवाय घरातल्या घरात फाइल पाठवायला इंटरनेट लागतच नाही. रस्त्याच्या खोदकामात आपली फायबर तुटते तेव्हाही जुन्या राउटरवर आमचे काम चालायचे, इन्व्हर्टरवर राउटर चालू असला की झाले. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर फाइल न्यायला आता ती आधी बाहेर कुठल्यातरी सर्व्हरवर चढवावी आणि परत उतरवून घ्यावी, हे मला मान्य नाही.

माझी प्रत्येक तक्रार ‘निवारण झाले’ असा एसएमएस पाठवून बंद करण्यात आली. एकदाही मला विचारले गेले नाही. म्हणून आता लेखी मागणी करते की माझ्या राउटरवरील आयसोलेशन बंद करावे आणि दोन्ही संगणक व प्रिंटर वायफायवर असताना फोल्डर उघडून, प्रिंट काढून दाखवल्यावरच तक्रार बंद करावी. या राउटरमध्ये ते शक्य नसेल तर राउटर बदलून द्यावा, किंवा तो ब्रिज मोडवर टाकून द्यावा, म्हणजे तो फक्त इंटरनेट पुढे पोचवील. पुढे माझा स्वतःचा राउटर मी लावीन. लांब केबल टाकून घेण्याचा जो खर्च मला सांगितला गेला, तो मी देणार नाही. टेक्निशियनने ग्राहकाच्या संगणकाची फायरवॉल बंद करू नये आणि एसएमबी १ चालू करू नये, अशी लेखी सूचना आपल्या लातूर कार्यालयाला द्यावी व तिची प्रत मला मिळावी.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर मी आपल्याच अपील प्राधिकरणाकडे जाईन आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ही सेवेतील त्रुटी आहे आणि मी जिथे राहते तिथल्याच जिल्हा आयोगात मला दाद मागता येते, याची मला माहिती आहे.

पिंग आणि एआरपीचे स्क्रीनशॉट, तसेच बंद केलेल्या तक्रारींचे डॉकेट क्रमांक सोबत जोडले आहेत. टेक्निशियन पाठवण्याआधी फोन करावा. दुपारी दोननंतर आम्ही दोघी घरी असतो आणि दोन्ही संगणक चालू असतात.

आपली ग्राहक,
लातूर
(नाव व ग्राहक क्रमांक सोबतच्या बिलाच्या प्रतीवर आहेत)