अनुमान म्हणजे शंका नव्हे

येळ्ळूर, जि. बेळगाव,
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय चिमे,

तुझं पत्र आणि लोणच्याची बरणी, दोन्ही मामांनी शुक्रवारी आणून दिलं. बरणी निम्मी संपली, पत्राचं उत्तर मात्र आज. फोन असताना पत्रं कसली लिहिता, असं आई विचारते. तिला काय सांगणार? आपण दोघी फोनवर बोलायला लागलो की पाचव्या मिनिटाला विषय तुझ्या वहिनीवर जातो आणि अभ्यासाचं तसंच राहतं.

एक आधीच सांगून ठेवतो. या पत्रात मी ‘आलो-गेलो’च लिहिणार. ‘आले-गेले’ मेमधल्या परीक्षेपर्यंत राखून ठेवलंय. का, ते पुढे येईलच.

तू लिहिलंस, ‘इंग्रजीचं टेन्शन आहे, मराठीचं काही नाही, ती आपलीच.’ चिमे, हेच वाक्य गेल्या वर्षी मी याच खोलीत बसून म्हटलं होतं. तू तेव्हा काकूंच्या ऑपरेशनमुळं फॉर्मच भरला नाहीस, म्हणून तुला सगळं माहीत नाही. सीयूईटीत, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या त्या प्रवेश परीक्षेत, मला मराठीत इंग्रजीपेक्षा कमी पडले. निकालाच्या दिवशी अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आजीला म्हणाले, “हिला मराठी येत नाही म्हणे.” आजी दोन दिवस हसत होती. मला मात्र हसू यायला महिना गेला.

आधी पेपरचं कोरडं सांगून टाकतो. ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबरला ५ गुण, चुकीला १ वजा. म्हणजे भाषेचे २५०, बाकी विषयांइतकेच. तुझ्या चुलतभावानं दिलेल्या जुन्या पेपरांवर ‘५० पैकी ४० सोडवा’ असं असेल, ते विसर. २०२५ पासून ती सवलत गेली, आता सगळेच प्रश्न सोडवायचे. एका प्रश्नाला सव्वा मिनिटही पुरतं येत नाही आणि त्यातच उतारा वाचायचा, तोही कॉम्प्युटरवर. आपण जन्मभर मराठी कागदावर वाचली. पडद्यावर उतारा वरखाली सरकवता सरकवता ओळ हरवते, मग परत पहिल्यापासून. म्हणून आत्तापासून सराव पडद्यावरच कर. मामांचा लॅपटॉप जुना असला तरी चालतोय की.

आता मी कुठं आपटलो ते. निकालानंतर सगळे सराव पेपर काढून बसलो आणि चुकलेल्या प्रश्नांवर लाल पेनानं खुणा केल्या. एका उताऱ्यात सलग तीन लाल. उतारा भातशेतीवर. अगं, भातशेतीवर! येळ्ळूरच्या पोरीनं भाताच्या उताऱ्यात तीन चुका करायच्या म्हणजे काय. उताऱ्यातला शेतकरी कोकणातला. पहिला पाऊस पडल्यावर तो वाफ्यावर बी टाकतो, रोप तयार झालं की उपटून चिखलात लावतो. प्रश्न होता, ‘शेतकरी बियाणे केव्हा टाकतो?’ मी बिनधास्त ‘पावसाआधी’वर टिचकी मारली. का? तर आमचे अण्णा मे संपता संपता, माती नुसती धुळीसारखी असताना, कुरीनं भात पेरतात. धूळवाफ. लहानपणापासून बघतोय. उताऱ्यात काय लिहिलंय ते मी वाचलंच नव्हतं, आमच्या शेतातलं उत्तर दिलं होतं. तुमच्या खानापूरच्या बाजूला रोपलावण बघितलेली तू कदाचित चुकली नसतीस, पण तेही वाचून नव्हे, तुझं शेत उताऱ्याशी जुळलं म्हणून.

इंग्रजीत असं होत नाही बघ. इंग्रजीची भीती असते, म्हणून आपण एकेक शब्द चाचपत जातो. मराठीत दोन ओळी वाचल्या की पुढचं आपोआप डोक्यात तयार होतं, आणि नेमकं तेच आपण वाचलं असं वाटतं. माझे मार्क गेले ते इथं. एक चूक म्हणजे मिळणारे ५ गेले आणि वरून १ वजा, ६ चा खड्डा. त्या एका भाताच्या उताऱ्यात १८.

दुसरी गंमत याहून वाईट. ‘उताऱ्यावरून पुढीलपैकी कोणते अनुमान काढता येईल?’ हा प्रश्न फिरून फिरून येतो. मी ‘अनुमान’ हा शब्द मराठीत किती वेळा ऐकला होता? जवळजवळ नाहीच. कन्नडमध्ये मात्र रोज. ‘नन्गे अनुमान इदे’, म्हणजे मला शंका आहे. आणि मराठीत शंकाही काढतातच की! मला वाटलं, उतारा वाचून कुठली शंका येते ते विचारतायत, आणि मी दर वेळी सगळ्यात संशयास्पद पर्याय शोधायचो. मराठीत अनुमान म्हणजे दिलेल्या गोष्टींवरून निघणारा निष्कर्ष, एवढं कळायला मला बारावी झाल्यावर शब्दकोश उघडावा लागला.

मग मी असे शब्द वहीत मांडायलाच घेतले. प्रपंच: कन्नडमध्ये जग, मराठीत घरसंसार. अवसर: कन्नडमध्ये घाई, मराठीत संधी, सवड. हिंदीचेही आहेत, शिक्षा म्हणजे तिकडे शिक्षण आणि आपल्याकडे छडी. सकाळी बसमध्ये कन्नड, वर्गात इंग्रजी, टीव्हीवर हिंदी आणि घरी मराठी, असं चार घरचं जेवण झालं की कुठली चव कुठली ते कळत नाही. दहावीपर्यंत आपण मराठी माध्यमात होतो तोवर तरी ठीक होतं. पीयूसीत, अकरावी-बारावीला, सगळं इंग्रजीत गेलं, मराठी नुसती भाषा-विषयापुरती उरली, आणि ती मी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचो हे तुला माहीतच आहे. तुझ्याही वहीत पन्नासेक शब्द सहज होतील. नंदगडच्या बाजारातनं फिरताना कान उघडे ठेव.

गंमत म्हणजे परभाषी शब्दांच्या यादीत कानडी म्हणून काय दिलेत बघ: अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता, बांगडी. मी हे मोठ्यानं वाचलं तर आजी अडकित्त्यानं सुपारी कातरतच होती. म्हणाली, “मग आपलं काय राहिलं?” मी म्हटलं, सुपारी. ती तरी आपली आहे का, ते मी शोधलं नाही.

आता ‘आलो-गेलो’. अचूक वाक्य ओळखा, या प्रकारात एक प्रश्न होता. बाई बोलतेय, ‘मी काल बाजारात ...’, आणि पर्यायांत गेलो, गेले, गेली, जाऊलो. मी ‘गेलो’ निवडलं आणि त्यावर शंकासुद्धा आली नाही. आई तसंच म्हणते, आजी तसंच म्हणते, तू म्हणतेस, कोल्हापुराकडच्या बायका म्हणतात. शिकवणीतल्या सरांनी भर वर्गात विचारलं, “तू मुलगा आहेस काय?” सगळे हसले. मला त्या वेळी काही सुचलं नाही. आता सुचतं, पण सर आता भेटत नाहीत. परीक्षेला प्रमाण मराठी पाहिजे, तिथं ‘गेले’ लिहायचं, त्यात वाद नाही. पण आजी चुकीचं बोलते असं मी म्हणणार नाही. पेपरला जाताना आपण युनिफॉर्म घालतो तसं ‘गेले’ घालायचं आणि घरी आल्यावर खुंटीला टांगायचं. तू हे असंच सोडवशील तर गोंधळ होणार नाही. मी मध्यंतरी दोन महिने घरीसुद्धा ‘आले-गेले’ बोलायचा प्रयत्न केला. आई विचारायला लागली, बरं नाही काय गे तुला?

व्याकरणाचं फार मनावर घेऊ नकोस. समास, प्रयोग एकदा उजळणी पुरे. अलंकारात तेवढा घोळ होतो, तो मी तुझ्या वहिनीवर बसवला आणि मग चुकलो नाही. ‘वहिनीची जीभ कातरीसारखी चालते’ ही उपमा. ‘वहिनीची जीभ जणू कातरीच’ ही उत्प्रेक्षा. ‘जिभेच्या कातरीनं तिनं चार माणसं कापली’ हे रूपक. आणि ‘ही जीभ नव्हेच, ही कातरी’ म्हटलं की अपन्हुती, खरी वस्तू नाकारून दुसरीच आहे म्हणायचं. पाठ झालं का नाही?

येत नाही तो प्रश्न सोडून द्या, असं सगळे सांगतात, त्यावर माझं ऐक. चार पर्याय असतात. चार प्रश्नांत डोळे झाकून खुणा केल्यास तर सरासरीनं एक बरोबर, तीन चूक. पाचातून तीन गेले, २ गुण उरले. आणि मराठीत आपण इतक्या अडाणी नाही, एखादा पर्याय तरी नक्की खोडता येतो, मग हिशोब आणखी आपल्या बाजूला झुकतो. मी गेल्या वर्षी घाबरून सात प्रश्न कोरे ठेवले. ते आठवलं की अजून चिडतो. वेळ संपायला आलाय आणि प्रश्न उरलेत तर खूण करूनच उठ.

भाषा कुठली निवडू, हे विचारलंयस. १३ भाषांत मराठी आहे आणि कन्नडही. पण आधी जिथं जायचंय त्या विद्यापीठाचं माहितीपत्रक उघड. दिल्लीत बऱ्याच बी.ए. ऑनर्सना यादीतली कुठलीही एक भाषा चालते, पण इंग्रजी ऑनर्सला इंग्रजीच लागते. कलबुर्गीच्या केंद्रीय विद्यापीठाचं तुझं तू बघ, मामांना विचारू नकोस, ते सगळ्याला ‘हो हो चालतंय’ म्हणतात. कन्नड घेऊ नकोस असं माझं मत. आपण कन्नडमध्ये भाजी घेतो, तिकीट काढतो, भांडतोसुद्धा, पण साहित्यातला उतारा वेगळा.

यावरनं आठवलं. कर्नाटकच्या सीईटीत सीमेपलीकडच्या कानडी मुलांना, ‘गडिनाडू कन्नडिग’ म्हणून यायचं असेल तर, कन्नडचा वेगळा पेपर द्यावा लागतो. ५० गुणांचा, १२ मिळाले की झालं. आणि सीमाभागातल्या आपल्या ८६५ गावांतल्या पोरांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला जायचं असेल तर मातृभाषा मराठी असल्याचा दाखला जोडायचा. पेपर नाही. माझे मराठीचे मार्क बघून दाखला दिला असता तर मी अडकलोच असतो.

आता कामाचं. या वर्षी मी एकच नवीन गोष्ट करतोय आणि तिचा उपयोग होतोय. तरुण भारतचा अग्रलेख कापून वहीत चिकटवतो आणि त्याच्यावर प्रश्न मीच काढतो. उत्तर लिहायला सोपं असतं गे, चुकीचे तीन पर्याय रचताना घाम फुटतो. एक असा पाहिजे की जगात खरा आहे पण उताऱ्यात नाही (माझी धूळवाफ). एक निम्मा खरा, शेपटी खोटी. आणि एक असा की उतारा ‘काही ठिकाणी’ म्हणतो आणि पर्याय ‘नेहमी’ म्हणतो. असे वीस-पंचवीस रचले की दुसऱ्यानं रचलेले लांबूनच ओळखू येतात. फक्त एक अडचण, स्वतःच रचलेला सापळा स्वतःला लागत नाही. म्हणून तू पाहिजेस.

अग्रलेखांचाच कंटाळा आला तर गोष्टी, कविता वाच. जत्रेसारखी साहित्य संमेलनं होतात आपल्याकडे, कडोली, उचगाव, सांबरा, आमचं येळ्ळूर. तिथं मी इतकी वर्षं जेवणाच्या रांगेत उभं राहायला जायचो. या खेपेला कथाकथनाला मांडी घालून बसलो. पहिल्या अर्ध्या तासात पाय बधिर झाले, पण उठलो नाही.

सोबत एक उतारा पाठवतोय, आमच्या गडावरच्या पावसाचा, मीच लिहिलाय. खाली पाच प्रश्न आहेत. उत्तरं उलट बाजूला नाहीत, शोधू नकोस. घड्याळ लावून सोडव आणि कुठल्या प्रश्नावर किती वेळ गेला ते बाजूला लिही. तुझा उतारा बुधवारी मामांबरोबर पाठव, बाजाराला येतीलच ते. शेतीवरचा चालेल, पण यावेळी मी आधी वाचणार.

आणि हे पत्र वहिनीच्या हाती लागू देऊ नकोस. निदान अलंकाराचं पान तरी काढून ठेव.

तुझीच,
येळ्ळूरची येडी