‘व्हिसा आला’ म्हणजे नेमकं काय आलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आखाती देशांत नोकरीला गेलेल्या मुलांच्या फसवणुकीची बातमी महिन्या-दोन महिन्यांनी आपल्या पेपरात येतेच. त्यात एजंट असतो, लाख-सव्वा लाखाचा आकडा असतो, पोलिसांत तक्रार दिल्याचं असतं. ज्याच्याकडे मुलगा कामाला जाणार होता तो तिकडचा मालक मात्र बातमीत कुठेच नसतो. परदेशी माणूस कामावर ठेवायची परवानगी त्या मालकाने त्याच्या सरकारकडून काढली होती का, हे कोणी विचारत नाही. घरचेही विचारत नाहीत. या पत्रात मला तेवढंच मांडायचं आहे.

खेड तालुक्यात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. आमच्या खाडीपट्ट्यातल्या गावांत दुबई, मस्कत, दम्माम किंवा कुवेतला कोणी ना कोणी गेलेलं नाही असं घर शोधावं लागेल. मशिदीला लादी, मंदिराला सभामंडप, बहिणीचं लग्न, घरावरचा स्लॅब, सगळं त्या पैशावर उभं राहिलं आहे. त्यामुळे पासपोर्टचा फॉर्म, तिकिटाची प्रिंट, मेडिकलची अपॉइंटमेंट यांसाठी माणसं रोज माझ्या काउंटरवर येतात आणि त्यांचे कागद माझ्या हातातून जातात.

२०२४च्या शिमग्याच्या आठवड्यात एक मुलगा आईला घेऊन आला. आयटीआय झालेला, वायरमन, अमिरातीत शारजाला निघालेला. एजंटने त्याला व्हॉट्सॲपवर दोन पीडीएफ पाठवल्या होत्या, त्यांच्या रंगीत प्रिंट हव्या होत्या. पहिली होती ‘ऑफर लेटर’. वर कंपनीचं चकचकीत बोधचिन्ह, खाली पगार १,८०० दिरहॅम, राहणं आणि जाणं-येणं कंपनीचं. दुसऱ्या कागदाला सगळे ‘व्हिसा’ म्हणत होते. त्यावर ‘टुरिस्ट’ आणि ‘६० दिवस’ असं स्पष्ट छापलेलं होतं. मी ते वाचलं. विचारलंसुद्धा, “अरे, हा टुरिस्टचा आहे ना?” तो म्हणाला, “काका, तिकडे गेल्यावर कंपनी चेंज करून देणार आहे, सगळे असेच जातात.” आईने पिशवीतून प्लॅस्टिकचं फोल्डर काढलं, मी कागद स्टेपल करून त्यात घातले आणि वीस रुपये घेतले. एजंटला ८५ हजार आधीच गेले होते. त्यासाठी आईची पाटली पतपेढीत ठेवली होती, हे मला नंतर कळलं.

तेव्हा मला जे ठाऊक नव्हतं ते पुढच्या वर्षभरात मी विचारून, वाचून समजून घेतलं. संयुक्त अरब अमिरातीत मालकाला बाहेरून माणूस आणायचा असेल तर आधी तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे जावं लागतं. त्याच्या आस्थापनेला किती परदेशी माणसं ठेवता येतील, याचा कोटा ठरलेला असतो. मंत्रालयाच्या ठरावीक नमुन्यात ऑफर लेटर निघतं, त्यावर क्रमांक असतो आणि ते माणसाने देश सोडण्यापूर्वी वाचून सही करायचं असतं. ते अरबी-इंग्रजीसोबत कामगाराला समजणाऱ्या भाषेतही द्यावं लागतं. हिंदी, उर्दू, मल्याळम त्यात आहेत. त्या सहीनंतर वर्क परमिटची मंजुरी येते, मग नोकरीसाठीचा प्रवेश परवाना येतो, आणि तो घेऊन माणूस उतरला की मेडिकल, ओळखपत्र, करार अशी पुढची कामं होतात. तिकडे गेल्यावर केलेला करार या ऑफर लेटरशी जुळायला हवा, हा नियम २०१६ पासून आहे. भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायचा नाही आणि त्याचा पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायचा नाही, हेही तिथल्या कामगार कायद्यातच लिहिलेलं आहे. तो कायदा फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. परमिट न काढता माणूस कामाला लावला तर मालकाला एक लाखापासून दहा लाख दिरहॅमपर्यंत दंड, अशी दुरुस्ती २०२४ मध्ये झाली.

सौदीची रीत थोडी वेगळी आहे. तिथे मालकाने सरकारकडून अमुक धंद्याची, अमुक देशाची इतकी माणसं असे व्हिसे मंजूर करून घ्यायचे असतात आणि मग मुंबईतल्या एजंटला अधिकारपत्र द्यायचं असतं. पण मूळ गोष्ट दोन्हीकडे तीच. परवानगी मालकाने काढायची असते आणि ती मुलगा विमानात बसण्याआधी निघालेली असते. विमानतळावर उतरल्यावर ‘चेंज करून देतो’ असं सांगणाऱ्याच्या हातात, बहुतेक वेळा, ती नसतेच.

आपल्या बाजूनेही पहारा आहे. परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठी १९८३चा उत्प्रवास कायदा आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (म्हणजे जाण्याआधी तपासणी आवश्यक) असतं आणि त्याला आखाती देश धरून १८ देशांत नोकरीला जायचं तर उत्प्रवासी संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्यासाठी परदेशी मालकाची परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर नोंदणी व्हावी लागते, माणसांची मागणी तिथे चढवावी लागते आणि करारही दाखवावा लागतो. परवानाधारक एजंटला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. ८५ हजार हा आकडा ऐकल्याबरोबर त्या घरात कोणाला तरी हे आठवायला हवं होतं. पण ३० हजारांची मर्यादा आहे, हे आमच्या तालुक्यात मी अजून कुठल्याही भिंतीवर लिहिलेलं पाहिलेलं नाही.

खरी फट पुढे आहे. परदेशी मजुरीला जाणारा माणूस बहुतेक कमी शिकलेला, असं धरून दहावीची रेघ ओढली गेली. आज आमच्याकडून जाणारी मुलं दहावी-बारावी, आयटीआय, काही तर पदवीधर आहेत. त्यांचा पासपोर्ट ईसीआरचा नाही, त्यामुळे त्यांना कसलीच मंजुरी लागत नाही. म्हणजे ज्याला सुशिक्षित मानून सरकारने सोडून दिलं, त्याच्या मालकाला आपल्याकडे कोणीच तपासत नाही. दहावीत बीजगणित सुटलं म्हणून अमिरातीच्या मंत्रालयाचं ऑफर लेटर आणि वर्डमध्ये टाइप केलेलं पत्र यातला फरक कळतो असं थोडंच आहे? मी तीस वर्षं कागद हाताळतोय, मलाही तो कळला नव्हता.

दिल्लीला ही फट ठाऊक नव्हती असं नाही. परराष्ट्र मंत्रालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला होता की, ईसीआर नसलेल्यांनीही या १८ देशांत नोकरीला जाताना ई-मायग्रेटवर नोंदणी करावी, १ जानेवारी २०१९ पासून. त्यावर ओरड झाली आणि अंमलबजावणी लांबणीवर टाकली. ओरड खोटी होती असं मी म्हणणार नाही. वीस वर्षं तिकडे असलेला माणूस गणपतीला पंधरा दिवस घरी येतो, त्याने परत जाताना पुन्हा फॉर्म का भरायचा? बरोबरच आहे. पण म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या बावीस वर्षांच्या पोरालाही मोकळं सोडायचं? नोंदणी फक्त पहिल्या नोकरीला आणि मालक बदलताना सक्तीची करावी, जुन्यांना त्यातून वगळावं. ती फुकट असावी, मोबाइलवर होणारी असावी आणि मराठीत असावी.

परमिट म्हणजे सगळं मिळालं, असं मात्र कोणी समजू नये. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि किमान ४५ भारतीय गेले. मालकाला परवानगी आहे म्हणून तो खोलीत किती माणसं कोंबतो, जिना मोकळा ठेवतो की नाही, याची हमी मिळत नाही. पण नोंद असलेला माणूस निदान कुठे आहे, कोणाकडे आहे, हे दूतावासाला माहीत असतं. ईसीआर पासपोर्टवाल्याला सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावीच लागते. दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत दहा लाखांचं अपघाती विमाछत्र मिळतं. टुरिस्ट व्हिसावर गेलेला मुलगा परांचीवरून पडला तर तो कागदोपत्री पर्यटक ठरतो. साइटवर चढलेला पर्यटक. त्याचा दावा कोणी चालवायचा?

मुलांना रीतसर परदेशी पाठवण्यात लक्ष घालणं शक्य नाही असं सरकारने सांगू नये, कारण महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाबतीत ते केलेलं आहे. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार झाला, मुलांसाठी जर्मन भाषेच्या वर्गांची योजना निघाली. जर्मनीतही मालकाला मनमानी करता येत नाही. पगार आणि कामाच्या अटी तिथल्या माणसापेक्षा वाईट नाहीत ना, हे पाहूनच बऱ्याचशा नोकऱ्यांना तिथली रोजगार संस्था संमती देते. चांगली गोष्ट आहे, जरूर करावी. पण कोकणातून जर्मनीला जाणारे बोटांवर मोजता येतील आणि शारजाला जाणारे एसटीच्या प्रत्येक गाडीत दोन-चार असतील. त्यांच्यासाठी सरकारने तालुक्याला एक माणूस तरी दिला आहे का?

माझी मागणी फार खर्चाची नाही. प्रत्येक ‘आपले सरकार’ केंद्रात ई-मायग्रेटवर एजंटचा परवाना तपासून देण्याची सोय करावी, त्याला शुल्क नसावं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ३० हजारांची मर्यादा मोठ्या अक्षरांत लिहावी. त्याखाली आणखी एक ओळ: टुरिस्ट किंवा व्हिजिट व्हिसा हा नोकरीचा व्हिसा नव्हे. जमातीचे आणि गावकीचे जे पुढारी पैसे उभे करायला मदत करतात त्यांनी पैसे देण्याआधी ऑफर लेटरचा क्रमांक मागावा. तो अमिरातीच्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. जो एजंट क्रमांक द्यायला टाळाटाळ करील त्याला तिथूनच परत पाठवावं. आणि माझ्यासारख्या दुकानदारांनी प्रिंट देण्याआधी वाचावं. वाचून गप्प बसू नये.

त्या मुलाचं पुढे काय झालं, ते सांगायलाच हवं. शारजात एका खोलीत ते चौदाजण होते. मालक म्हणायचा, व्हिसा चेंज करायला टाकलाय, टायपिंगला दिलाय. पगार पहिल्या महिन्यात निम्मा, नंतर ‘पुढच्या महिन्यात’. ६० दिवस संपले आणि रोजचे ५० दिरहॅम दंड चढू लागला. तक्रार करायला जावं तर हाच बेकायदा राहणारा ठरणार, म्हणून दुपारी बाहेर पडायचीही भीती. घरी फोन करायचा तो रात्री, आणि ‘सगळं ठीक आहे’ म्हणायचा. सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या चार महिन्यांत अमिराती सरकारने मुदत संपलेल्यांना दंडाशिवाय परत जायची सवलत दिली, त्यात तो नोव्हेंबरमध्ये सुटला. तिकिटाचे पैसे मामाने पाठवले. जो वैध परवानगी असलेल्या मालकाकडे गेला असता तर दोन वर्षांत घराचा स्लॅब घातला असता, तो हातात रिकामं फोल्डर घेऊन परत आला. एजंटचा फोन बंद होता. पावती नव्हतीच, त्यामुळे पोलिसांनाही दाखवायला व्हॉट्सॲपचे मेसेज सोडून काही नव्हतं.

गेल्या महिन्यात तो दुकानात आला. लोट्याला एका कारखान्यात कंत्राटावर वायरमनचं काम करतोय. शेजारच्या वाडीतल्या एका मुलाला सोबत घेऊन आला होता, त्याच्या मोबाइलवर कतारचं एक ऑफर लेटर होतं. मला म्हणाला, “काका, प्रिंट नंतर काढा. आधी हे बघा, खरं आहे का.” आम्ही तिघांनी बसून एजंटचा परवाना ई-मायग्रेटवर शोधला. सापडला नाही. तो मुलगा थांबला आहे. पाटली अजून पतपेढीतच आहे.

आपला विश्वासू,
एक दुकानदार वाचक
ता. खेड, जि. रत्नागिरी