कुपनांची पुस्तिका आणि पांगुळगाडा

बेळगाव, १२ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर बोलायला गेलं की बाबा स्पीकर चालू करतात, आणि स्पीकर चालू झाला की शेजारच्या मामी कडीपत्ता मागायला येतात. म्हणून हे पत्र. शिवाय फोनवर माझा आवाज परत चढणार नाही याचा भरवसा नाही.

बाबा, त्या रविवारी मी तुम्हाला "तुम्हाला काय कळतंय त्यातलं" म्हणाले. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसता चष्मा पुसत बसलात. आई तेवढी म्हणाली, "चहा घेतेस काय अजून?" परतीच्या बसमध्ये चिऊ मांडीवर झोपली होती आणि मी पिरनवाडी येईपर्यंत तुमच्या त्या चष्म्याचाच विचार करत होते. बोलले ते चुकलंच. पण चिडले कशाला, ते नीट सांगायचं राहून गेलं, ते आज सांगते.

चिऊच्या शाळेनं सगळ्या पहिलीच्या पोरांना कुपनांची पुस्तिका दिली. वीस कुपनं, एकेक पन्नास रुपयांचं. शाळेला नवा हॉल बांधायचाय म्हणे. (शाळेचं नाव फोनवर कुणापुढं घेऊ नका, पोरीला अजून नऊ वर्षं तिथंच काढायचीत.) कायद्यानं प्रवेश देताना देणगी घेता येत नाही, २००९ चा शिक्षण हक्क कायदा तुम्हीच मला समजावून सांगितलात. ही पुस्तिका मात्र प्रवेश झाल्यावर सावकाश, दप्तरातून घरी येते. सक्ती नाही असं वर छापलंय. खाली छापलंय की पूर्ण पुस्तिका खपवणाऱ्याला 'आकर्षक भेटवस्तू', आणि त्याचं नाव प्रार्थनेच्या वेळी माईकवर.

तुम्ही म्हणालात, शाळा अशाच उभ्या राहतात. १९१६ साली सात शिक्षकांनी पदरमोड करून इथं केएलई शिक्षणसंस्था काढली, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहासाठी घरोघरच्या बायका रोज मूठभर धान्य बाजूला काढायच्या, मुष्टिफंड म्हणायचे त्याला. हे मला पाठ आहे बाबा. तुम्ही जांबोटीकडच्या शाळेवर होता तेव्हा पावसात वर्ग गळायचा, आणि कौलांसाठी तुम्ही पावतीपुस्तक घेऊन वाड्या-वस्त्या फिरलात. ज्याच्याकडे पैसे नव्हते त्यानं वेळू दिले, कुणी दोन पायली भात दिलं, तेसुद्धा तुम्ही पावतीवर लिहिलंत. ती पावतीपुस्तकं आई अजून ट्रंकेत ठेवते. पण मागायला तुम्ही गेला होता. इथं माझ्या सहा वर्षांच्या पोरीला पाठवतात.

आता एक प्रसंग सांगते, तो तुम्हाला त्या दिवशी सांगितला नव्हता.

आमच्या मागच्या बोळात, वडगावात सगळीकडे असतात तसे, घरातच मागावर साड्या विणणारे लोक राहतात. दिवसभर खटाखट चालू असतं. तिथल्या एका काकींकडं चिऊ कुपन घेऊन गेली. मी जिन्यात उभी होते. काकी माग बंद करून बाहेर आल्या, केसांत, भुवयांत रेशमाची लव अडकलेली. "उद्या ये की गं राणी," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी परत "उद्या ये". तिसऱ्या दिवशी त्यांनी पदराच्या गाठीतनं दहाच्या दोन नोटा काढल्या आणि बाकीची नाणी मोजली. शेवटी दोन रुपये कमी पडले, ते आतनं पोराकडून मागून आणले. तो पोरगा सरकारी शाळेत जातो, चिऊएवढाच आहे. चिऊनं कुपन फाडून दिलं आणि "थँक्यू आंटी" म्हणून उड्या मारत वर आली. मी पन्नास रुपये परत करायला गेले तर काकींना राग आला. "लेकराला दिलंय, तुम्हाला नाही," म्हणाल्या.

मोठं माणूस मागायला आलं असतं तर त्यांनी सरळ नाही म्हटलं असतं. पोराला नाही म्हणवत नाही, हे ज्यानं ती पुस्तिका छापली त्याला चांगलं ठाऊक आहे.

सहा कुपनं अशी गेली. चौदा उरली. त्यानंतर मी चिऊला कुठंच पाठवलं नाही, आणि तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. म्हणून रविवारी ती तुमच्याकडे पुस्तिका घेऊन आली, मला न सांगता, फ्रॉकच्या आत लपवून. आणि तुम्ही पेन्शनमधले सातशे रुपये काढून चौदाच्या चौदा घेतलीत.

मी भडकले ती तेव्हा. पण नंतर बसमध्ये आठवलं. तिसरीत की चौथीत असताना ध्वजदिनाचे झेंडे तुम्हीच आमच्या हातात दिले होते. तांबडा, गडद निळा, फिका निळा, टाचणी लावलेले कागदी झेंडे. ७ डिसेंबरच्या आधी आठवडाभर आम्ही गावभर फिरायचो. सैनिकांसाठी १९४९ पासून हा दिवस पाळतात, हे घोकून घेतलेलं वाक्य प्रत्येक दारात म्हणायचं. माझ्या दहातले सहा खपले होते. उरलेले चार मी कंपासपेटीत लपवले, आणि तुम्ही काही न बोलता त्यांचे पैसे हिशेबात घातलेत. तेच तुम्ही परवा केलंत. म्हणजे पोरांना दारोदार पाठवायचं काम तुम्हीही केलंय बाबा, यातनं तुमची सुटका नाही! फरक एवढाच की झेंडे खपवले म्हणून आम्हाला कुणी काही देत नव्हतं. माझ्या डोक्यात त्या बक्षिसाचंच जास्त बसलंय.

कारण ते बक्षीस चिऊला पुस्तिका यायच्या आधीपासून माहीत होतं. नसतं माहीत तर ती एवढी पेटली नसती.

तुम्ही बघितले नसतील, म्हणून सांगते. मोबाईलवर व्हिडिओ असतात, त्यात नुसते दोन हात दिसतात, नखांना रंग लावलेला. ते हात खेळण्यांचे खोके उघडतात. बाकी काही नाही. प्लास्टिकचं अंडं फोडायचं, आतनं काहीतरी निघायचं, एक बाई "वॉव" म्हणायची, की लगेच पुढचं अंडं. एक संपलं की दुसरा व्हिडिओ आपोआप सुरू. ही जाहिरात आहे की खेळ, ते मला उशिरा कळलं, सहा वर्षांच्या पोरीला काय कळणार. लाईटवाली, गोल फिरणारी ती गाडी तिनं त्यातच बघितली होती. शाळेच्या बक्षिसाच्या कागदावर तस्सा फोटो. मग काय, पोरगी कुपनं घेऊन वणवण फिरायला तयार.

आणि ते व्हिडिओ हिंदीत. घरी आम्ही मराठी बोलतो, शाळेत इंग्रजी, पहिलीपासून कन्नडही आहे, आणि ही बाहुलीशी बोलते ती "अरे वाह, देखो तो सही!" बाबा, १९५६ पासून या भागात मराठी की कन्नड यावर किती मोर्चे निघाले, तुम्ही स्वतः लाठ्या खाल्ल्यात, आणि नातीच्या तोंडात तिसरीच भाषा मोबाईलमधनं येऊन बसली. हसू येतं आणि येत नाही.

आता बाळ्याचं. इथं मात्र दोष पूर्ण माझा आहे. उन्हाळ्यात तुम्ही त्याला मोबाईलवर गाणी दाखवलीत तर मी आईला केवढं सुनावलं होतं. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं २०२१ साली सांगितलंय, दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन अजिबात नको, दोन ते पाचला फार तर तासभर, असं सगळं वाचून दाखवलं होतं. आणि मी काय करते? सकाळी साडेनऊला पतसंस्थेत पोचायचं, हे उद्यमबागेत पहिल्या पाळीला गेलेले, मग मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करायचा आणि एकेक घास सरकवायचा. सात मिनिटांत वाटी रिकामी. काय खाल्लं ते त्यालाही माहीत नसतं. परवा तो भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट सरकवत होता. पान सरकेना म्हणून रडायला लागला. तेरा महिन्यांचं पोर! मी तिथंच पिठाच्या हातानं खाली बसले.

गेल्या सोमवारपासून मोबाईल कपाटात. पहिले तीन दिवस वाटीतलं निम्मं जमिनीवर गेलं, मलाही दोनदा उशीर झाला आणि साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. आता वरणभात स्वतःच्या हातानं चिवडतो, कानालाही लावतो. अर्धा तास जातो. रोज जमतं असं मी सांगणार नाही. शुक्रवारी जमलं नाही.

पण आई, तू व्हिडिओ कॉल केलास ना, तो चालतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ सालीच दीड वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन नको म्हणताना व्हिडिओ कॉल तेवढा बाजूला ठेवलाय. समोरचं माणूस बाळाकडं बघून बोलतं, ते हसलं की हसतं, थांबतं, हे त्या अंडी फोडणाऱ्या हातांना कुठलं जमायला? तेव्हा संध्याकाळी साडेसातला करत जा. "काय करूलालंय माझं पोरगं?" असं तू विचारलंस की तो घास तोंडात धरून कान टवकारतो. चिमणीचं मेणाचं घर आणि कावळ्याचं शेणाचं घर, तेवढीच गोष्ट रोज सांगितलीस तरी चालेल. रेंज नसेल तर मागच्या अंगणात, फणसाखाली उभी राहा.

तर ती गाडी. सातशे रुपयांची आणि काकींच्या नाण्यांची ती गाडी मागच्या बुधवारी घरी आली. चिऊचं नाव माईकवर घेतलं, टाळ्या झाल्या. शनिवारी चाक निघालं. रविवारी सकाळी मी झाडू मारत होते तर बाळ्या दिवाणाखाली पालथा पडून काहीतरी निरखत होता. ओढून काढला. मुठीत बटणाएवढा चकचकीत सेल. गाडीच्या रिमोटचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं, स्क्रू नव्हताच.

माझ्या हातापायातलं त्राण गेलं. तोंडात घातला नव्हता, देवाची कृपा. तरी डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, असा सेल अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यानं त्यातनं वीज वाहायला लागते, तिथं कॉस्टिक सोड्यासारखा दाहक पदार्थ तयार होतो आणि दोन तासांत आतनं भाजतं. पोराला बोलता येत नाही, तोंडातनं लाळ गळते एवढंच दिसतं. संशय आला तरी वाट बघायची नाही, थेट मोठ्या दवाखान्यात, असं त्यांनी बजावलं. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही, तुमच्याकडं ते जत्रेतलं वाजणारं माकड आहे म्हणून लिहिते. त्याचंही झाकण बघा. आईच्या वजनकाट्याच्या आणि कानाच्या मशिनच्या सेलचंही तेच. वरच्या फळीवर, डब्यात.

आणि पुढच्या वेळी खेळणं घ्याल तर आयएसआयचा शिक्का बघून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडं विकायच्या खेळण्यांवर तो सक्तीचा आहे. बक्षिसाच्या गाडीवर नव्हता, मी भिंग लावून बघितलं. नोंदणी असलेल्या हस्तकारागिरांना त्यातनं सूट आहे, म्हणजे सावंतवाडीचं लाकडी फळ दिसलं की आई जशी हरखते तशी बिनधास्त हरखू शकते.

यावरून मुद्द्याचं. वन्संनी बाळ्याला प्लास्टिकचा वॉकर आणलाय, मधे बसायचा, खाली चाकं. (हे पत्र वन्सं तिकडं आल्या तर दाखवू नका.) डॉक्टरांनी सरळ नको म्हटलं. त्यात बसलेलं पोर डोळ्यांची पापणी लवायच्या आत जिन्यापर्यंत पोचतं, आणि चालायलाही काही लवकर शिकत नाही. कॅनडात तर २००४ पासून त्यावर बंदी आहे. मग मी विचारलं, पांगुळगाडा? ते हसले. म्हणाले, उभं राहून ढकलायचा ना, तो चालेल, फक्त लक्ष ठेवा.

माझा पांगुळगाडा तुमच्या माळ्यावर आहे ना अजून? आंबोली घाटानं सावंतवाडीला गेला होता तेव्हा बाबांनी आणलेला. तांबड्या दांड्याला मी चावल्याचे दात उमटलेत, पिवळं चाक उन्हात ठेवून फिकं पडलंय, आणि तो ढकलला की ओसरीवर खडखड वाजायचा. भाऊही त्यावरच चालायला शिकला. चिऊच्या वेळी मी तो नको म्हटलं होतं, जुनाट दिसतो म्हणून. तेही लक्षात आहे माझ्या.

संक्रांतीला याल तेव्हा तो घेऊन या. बसमध्ये टपावर टाकू देऊ नका, मांडीवर धरा. आणि त्या चौदा कुपनांची अर्धुकं टाकली नसतील तर तीपण आणा, चिऊ त्यांचं दुकान मांडणार आहे म्हणते. आईची गुडघ्याची गोळी संपत आली असेल, मी इथनं घेऊन ठेवते. पुढच्या चाकाची खीळ निघालीय असं आई मागं म्हणाली होती. गावात सुतारमामा आता काम करतात काय? करत नसतील तर तसाच आणा, हे उद्यमबागेत लेथवर नवी खीळ वळवून घेतील.

तुमची,
बेबी