तिसरा भाग एकाच कन्सोलवर आणि मुदतीबाबत मौन : एक तक्रार पत्र

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग (भारत)

विषय : गेम मालिकेचा तिसरा भाग एकाच कन्सोलपुरता मर्यादित केल्याबद्दल व त्या मर्यादेची मुदत ग्राहकांना न सांगितल्याबद्दल.

महोदय/महोदया,

मी कोल्हापुरातील राजारामपुरीत राहते आणि आपल्या कंपनीची जुनी ग्राहक आहे. आपल्या साहसी गेमच्या मालिकेचे पहिले दोन्ही भाग मी आपल्याच ऑनलाइन दुकानातून पीसीसाठी विकत घेतले. दुसऱ्या भागाची तर डिलक्स आवृत्ती घेतली. ती साध्या आवृत्तीपेक्षा बरीच महाग होती, तरीही घेतली, कारण तिच्या विक्रीच्या पानावर आपण स्पष्ट लिहिले होते की या भागात बांधलेला गड, जमवलेले साथीदार आणि मिळवलेली प्रगती पुढच्या भागात खेळाडूसोबत येईल. आता तिसरा भाग जाहीर झाला आहे आणि तो फक्त एका कंपनीच्या कन्सोलवर (टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या यंत्रावर) येणार आहे. पीसीवर तो काही महिन्यांनी येणार आहे, वर्षाने येणार आहे की कधीच येणार नाही, याबद्दल ट्रेलरमध्ये एक अक्षर नाही. आपल्या मदत कक्षाकडे लेखी विचारणा केली असता ‘याबाबत सध्या माहिती देता येत नाही’ एवढेच उत्तर आले. ते समाधानकारक नसल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

माझे नुकसान नेमके काय झाले, हे आपल्या कार्यालयाला कळावे म्हणून थोडे तपशिलात लिहिते. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त पुण्यात असतो. त्याच्याकडे कन्सोल आहे आणि माझ्याकडे पीसी. पहिल्या दोन्ही भागांत क्रॉस-प्लेची, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरून एकत्र खेळण्याची, सोय असल्यामुळे रात्रीची जेवणे उरकली की आम्ही दोघे हेडफोन लावून एकत्र खेळायला बसत असू, आणि घरापासून लांब राहणाऱ्या भावाशी निवांत बोलणे होण्याची ती एकच वेळ असे. दुसऱ्या भागात आम्ही मिळून जो गड बांधला, त्याला त्याने पन्हाळा हे नाव दिले. पश्चिमेच्या अंगाला खऱ्या पन्हाळ्यावरच्या ‘तीन दरवाजा’सारख्या एकामागोमाग तीन कमानी उभारल्या आणि त्यांच्या शेजारी, अंधारबावीची आठवण म्हणून, तीन मजली विहीरही केली. खेळ माझ्या संगणकावरून सुरू होत असल्यामुळे त्या गडाची सेव्ह फाइल, म्हणजे खेळातली प्रगती साठवलेली फाइल, माझ्याकडे आहे. तिसरा भाग भावाकडे चालेल, पण गड त्याच्याकडे नाही. गड माझ्याकडे आहे, पण तिसरा भाग माझ्याकडे चालणार नाही. म्हणजे ज्या वचनासाठी मी जास्तीचे पैसे मोजले, ते आम्हा दोघांपैकी कोणाच्याही बाबतीत पाळले जाणार नाही.

‘मग कन्सोल घ्या’ असे यावर सांगता येईल, आणि आपल्या जाहिरातीचा रोखही तोच दिसतो. सोनीचा प्लेस्टेशन ५ हा कन्सोल भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये विक्रीला आला, तेव्हा डिस्क असलेल्या आवृत्तीची किंमत ४९,९९० रुपये होती. कोल्हापूरसारख्या शहरात खेळणारे बहुतेक जण पीसी टप्प्याटप्प्याने उभा करतात. आधी साधा संगणक, मग पगार वाढला की ग्राफिक्स कार्ड, मग कधीतरी बरा मॉनिटर. याच संगणकावर भाचीचा अभ्यास होतो आणि मार्च महिन्यात माझे हिशेबाचे कामही होते. तो बाजूला ठेवून केवळ एका गेमसाठी एवढ्या किमतीचे दुसरे यंत्र घरात आणणे बहुतेक कुटुंबांना परवडत नाही. ज्यांना परवडते, त्यांनीही ते का करावे, याचे समाधानकारक कारण आपण दिलेले नाही.

एकाच यंत्रापुरता असलेला प्रत्येक गेम खेळाडूच्या मुळावर येतो, असे माझे म्हणणे नाही. ‘बेयोनेटा २’ हा गेम २०१४ मध्ये फक्त निन्टेंडोच्या वी यू यंत्रावर आला. पहिला भाग इतर कन्सोलवर खेळलेल्यांना त्याचे वाईट वाटले, पण निन्टेंडोने पैसा घातला नसता तर तो गेम तयारच झाला नसता, हे त्याच्या निर्मात्यांनी स्वतः सांगितले होते. जिथे यंत्र बनवणारी कंपनी खर्चाची जोखीम उचलते आणि नसलेला गेम अस्तित्वात आणते, तिथे तो तिच्याच यंत्रावर चालावा ही अपेक्षा मला रास्त वाटते. मोठ्या गेमचा खर्चही लहान नसतो. मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ही गेम कंपनी विकत घेण्यावरून अमेरिकेत चाललेल्या खटल्यात २०२३ साली जी कागदपत्रे पुढे आली, त्यांत ‘द लास्ट ऑफ अस : भाग दोन’ या गेमचा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर असल्याचे दिसले. एवढी रक्कम घालणाऱ्याने तिच्या परताव्याचा विचार करू नये, असे कोण म्हणेल?

आपले प्रकरण मात्र या प्रकारात बसत नाही. आपली मालिका आधीपासून पीसीवर आहे, दोन भागांचा खर्च पीसीच्या ग्राहकांनीही उचलला आहे आणि तिसरा भाग त्याच मालिकेचा पुढचा तुकडा आहे. इथे पैसा गेम घडवण्यासाठी दिलेला दिसत नाही. तो गेम इतरांपर्यंत पोहोचू नये यासाठी दिलेला दिसतो. या दोन व्यवहारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात खेळाडूच्या पदरात एक गेम जास्त पडतो. दुसऱ्यात त्याच्या हातचा गेम काढून घेतला जातो, आणि ज्याच्याकडे ते यंत्र आधीपासून आहे त्यालाही नवे काहीच मिळत नाही. माझ्या भावाकडे कन्सोल आहे. या कराराने त्याचा फायदा काय झाला? त्याची खेळातली सोबत तेवढी गेली.

असे यापूर्वी घडले आहे आणि त्याचा शेवट काय झाला, हेही सर्वांसमोर आहे. ‘राइज ऑफ द टूम रेडर’ हा गेम मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या कन्सोलवरच येणार, अशी घोषणा ऑगस्ट २०१४ मध्ये झाली, तेव्हा ही मालिका वर्षानुवर्षे प्लेस्टेशनवर खेळणारे चाहते संतापले. त्यानंतर एक्सबॉक्सच्या प्रमुखांनी कराराला मुदत असल्याचे मान्य केले, पण ती किती, हे सांगितले नाही. गेम नोव्हेंबर २०१५ मध्ये एक्सबॉक्सवर, जानेवारी २०१६ मध्ये पीसीवर आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला. दोनच महिन्यांत आपल्या संगणकावर येणाऱ्या गेमसाठी त्या काळात कोणी केवळ संभ्रमापोटी नवा कन्सोल विकत घेतला असेल, तर त्याला त्या खर्चात ढकलले ते माहिती दडवण्याने. माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. मुदतीचा करार करण्यापेक्षाही ती मुदत लपवणे खेळाडूला अधिक महागात पडते, कारण वाट पाहायची की पैसे खर्च करायचे, हा निर्णय त्याला आंधळेपणाने घ्यावा लागतो.

मुदत जाहीर करता येत नाही, असे कृपया सांगू नये. ‘फायनल फँटसी ७ रीमेक’ एप्रिल २०२० मध्ये प्लेस्टेशन ४ साठी आला, तेव्हा वर्षभराच्या मर्यादेचा उल्लेख त्याच्या वेष्टनावरच होता. ‘डेथलूप’ १४ सप्टेंबर २०२१ रोजी कन्सोलपैकी फक्त प्लेस्टेशन ५ वर आला, पण त्याच दिवशी तो पीसीवरही आला, आणि इतर कन्सोलवर तो निदान वर्षभर येणार नाही हे जाहिरातीत बारीक अक्षरात का होईना, लिहिलेले होते. पुढच्या सप्टेंबरात तो एक्सबॉक्सवर आला. करार टिकले, गेम विकले गेले आणि ग्राहकालाही आपण कुठे उभे आहोत हे कळले. एक ओळ छापल्याने यांपैकी कोणाचे दिवाळे निघाले नाही.

आधीच्या ग्राहकांना दिलेला शब्द कसा पाळावा, याचेही उदाहरण आहे. ‘मेट्रो एक्झोडस’ या गेमची आगाऊ विक्री स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात सुरू असताना, प्रकाशनाला तीन आठवडेही उरले नव्हते तेव्हा, म्हणजे जानेवारी २०१९ च्या अखेरीस तो गेम एपिक या दुसऱ्या कंपनीच्या ऑनलाइन दुकानात हलवल्याचे जाहीर झाले. तो निर्णय मला मुळीच पटला नव्हता आणि स्टीमनेही तो ग्राहकांवर अन्यायकारक असल्याचे आपल्या पानावर लिहिले होते. तरी त्या प्रकाशकाने दोन गोष्टी केल्या : ज्यांनी स्टीमवर आधीच पैसे भरले होते त्यांना गेम स्टीमवरच दिला, आणि मर्यादा एक वर्षाची आहे हे उघड सांगितले. फेब्रुवारी २०२० मध्ये तो पुन्हा स्टीमवर आला. माझी मागणी याहून फारशी मोठी नाही.

भारतातील खेळाडूला या व्यवहारांची झळ जास्त बसते, याचा विचार आपल्या भारतातील विभागाने तरी करावा. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने केलेला ‘राजी’ हा गेम आपल्याकडच्या पुराणकथांवर आणि शिल्पांवर उभा आहे. तो ऑगस्ट २०२० मध्ये सर्वप्रथम आला तो निन्टेंडो स्विचवर, आणि ते यंत्र भारतात अधिकृतपणे विकलेच जात नव्हते. पुण्यात घडलेला गेम कोल्हापूरच्या खेळाडूला पीसीवर मिळायला ऑक्टोबर उजाडला. छोट्या संस्थेला मोठ्या व्यासपीठाचा आधार लागतो, त्यामुळे निर्मात्यांना मी दोष देत नाही. त्यांचे काम मनापासून आवडते. पण हे करार जिथे ठरतात तिथे आपल्या देशातल्या खेळाडूचा विचार किती होतो, हे त्यावरून दिसते. आपली कंपनी छोटी नाही, आणि तिची पीसीवरील दोन भागांची विक्री आपल्यासमोर आहे.

शिवाय ज्या कंपन्यांनी ही पद्धत रुजवली, त्यांनीच गेल्या काही वर्षांत ती सैल केली. सोनीने ‘होरायझन झिरो डॉन’ २०२० मध्ये आणि ‘गॉड ऑफ वॉर’ जानेवारी २०२२ मध्ये पीसीवर आणला. ‘हेलडायव्हर्स २’ तर फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लेस्टेशन आणि पीसीवर एकाच दिवशी आणला. मायक्रोसॉफ्टचा ‘फोर्झा होरायझन ५’ एप्रिल २०२५ मध्ये प्लेस्टेशन ५ वर आला. अशा वेळी पीसीवर रुजलेली मालिका आपण उलट्या दिशेने नेत आहात, हे मला खेदाने नमूद करावे लागते.

आता माझी मागणी. तिसऱ्या भागाची मर्यादा कायमची आहे की ठरावीक काळाची, आणि ठरावीक काळाची असल्यास ती कोणत्या तारखेला संपते, हे आपण मला लेखी कळवावे आणि विक्रीच्या पानावर व जाहिरातीत ठळकपणे छापावे. करारातील रक्कम मला जाणून घ्यायची नाही. तारीख हवी आहे. तो भाग पीसीवर येणारच नसेल, तर डिलक्स आवृत्ती व साधी आवृत्ती यांच्या किमतीतील फरक मला परत करावा आणि माझी सेव्ह फाइल भावाच्या कन्सोलवरील खात्यात नेण्याची सोय उपलब्ध करून द्यावी. क्रॉस-प्ले आपण यापूर्वी चालवून दाखवलेला असल्यामुळे यात तांत्रिक अडचण सांगितली जाणार नाही, अशी अपेक्षा आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि तिचे निवारण एका महिन्यात करणे बंधनकारक आहे. खरेदी आपल्याच ऑनलाइन दुकानातून झालेली असल्याने हे नियम इथे लागू होतात, असे माझे मत आहे. त्या मुदतीत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याची माझी तयारी आहे. डिलक्स आवृत्तीची पावती, वचन असलेल्या विक्रीच्या पानाचे छायाचित्र आणि मदत कक्षाचे उत्तर या पत्रासोबत जोडले आहे. उत्तर कृपया लेखी आणि शक्यतो मराठीत पाठवावे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक ग्राहक
राजारामपुरी, कोल्हापूर