लायकाच्या आधीचा एर्मानॉक्स

रविवारच्या पुरवणीतील जर्मन कॅमेऱ्यांवरील लेख वाचला. फ्लॅशविना, अपुऱ्या उजेडात छायाचित्रे टिपण्याचे सारे श्रेय त्यात लायकाला दिले आहे. ते पटले नाही. लायका बाजारात आला १९२५ मध्ये. त्याच्या वर्षभर आधीच ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीने एर्मानॉक्स हा कॅमेरा आणला होता. लुडविग बेर्टेले यांनी रचलेले त्याचे एफ/२ भिंग (हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त) लायकाच्या एफ/३.५ भिंगाच्या सुमारे तिप्पट प्रकाश आत घेई. १९२८ मध्ये जर्मन छायाचित्रकार एरिख सालोमोन यांनी बर्लिनच्या न्यायालयात खुनाच्या खटल्याची छायाचित्रे घेतली, ती हाच कॅमेरा भोक पाडलेल्या हॅटमध्ये दडवून. दर छायाचित्राला काचेची नवी प्लेट घालायची, तीही कोणाच्या लक्षात येऊ न देता! फिल्मच्या रिळामुळे पुढे लायकाने बाजी मारली, हे खरेच. एर्नेमान मात्र १९२६ मध्ये झाइस इकॉन या कॅमेरा कंपनीत विलीन झाली आणि नाव मागे पडले. ड्रेस्डेनमध्ये तिच्या कारखान्याचा मनोरा अजून उभा आहे. तेथे आता तंत्रज्ञानाचे संग्रहालय आहे. एवढ्या लांबलचक लेखात या कंपनीला दोन ओळी तरी मिळायला हव्या होत्या.

– एक वाचक, पुणे