बाबांच्या सत्काराचं भाषण

सातारा

चि. चिऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं भाषण मिळालं. मोबाइलवर वाचून डोळे दुखतात म्हणून झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं आणि दुपारी निवांत वाचलं. छान लिहिलंयस, पण पोरी, त्यात बाबा नाहीत. नाव तेवढं बदललं तर कुठल्याही फौजीच्या सत्काराला ते चालून जाईल. 'छातीचा कोट करून सीमा राखली' हे वाक्य माइकवरून ऐकलं तर बाबा स्टेज सोडून खाली उतरतील. समोर माजी सैनिक बसणार, त्यातल्या कितीकांनी खरोखर बंकरमध्ये हिवाळे काढलेत. बाबा बँडमास्टर होते. सत्कार बँडमास्टरचाच होऊ दे.

फोनवर बोलायचं तर ते शेजारीच बसलेले असतात, म्हणून लिहिते आहे.

आपल्याकडं घरटी एक माणूस फौजेत. अपशिंग्याच्या तर नावालाच मिलिटरी चिकटलंय. अशा मुलखात फौजेत जाऊन कॉर्नेट वाजवणं म्हणजे काय, हे तुला कळायचं नाही. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मामांनी विचारलं होतं, "म्हणजे वरातीतलंच ना, फक्त सरकारी?" आम्ही मिरजेचे, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावचे. घरासमोर तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले असायचे. मामांच्या लेखी गाणं म्हणजे खयाल, बाकी सगळा गोंगाट. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. पुढं एकदा बेळगावला मामा आले, तेव्हा बाबांनी त्यांना बँडरूममध्ये नेऊन ट्रॉम्बोनवर भूप ऐकवला. कॉर्नेटला बटणं असतात, त्यातून मींड निघत नाही. ट्रॉम्बोनची नळी मागंपुढं सरकते, त्यामुळं एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. मामांनी मान हलवली. कौतुक केलं नाही ते नाहीच, पण येताना आणलेले पेढे बँडच्या पोरांना वाटून गेले.

हे भाषणात घालू नकोस. मामांची मुलं येणार आहेत.

घालायचं ते पचमढीचं घाल. १९५० साली, करिअप्पा लष्करप्रमुख असताना, तिथं लष्करी संगीताची शाळा निघाली. गावातल्या लग्नाच्या बँडमध्ये कानानं शिकलेला मुलगा, म्हणजे बाबा, पुढं तिथं गेला आणि पाच रेघांवरची स्वरलिपी वाचायला शिकला. सुट्टीवर आले की स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसायचे. एकच धून, पण प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा. मला पेटी येते म्हणून त्यांनी पेटीवर समजावलं होतं. कागदावर सगळ्यांना तोच सा लिहिला, तर क्लॅरिनेटमधून काळी पाच निघते, ऑल्टो सॅक्सोफोनमधून काळी दोन आणि फ्रेंच हॉर्नमधून पांढरी चार. म्हणजे सगळ्यांचा सूर एक यावा म्हणून प्रत्येकाला वेगळं लिहून द्यायचं. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. अख्ख्या बँडचे कागद हातानं, शाईनं, खाडाखोड न करता. ती वही माळ्यावर आहे, आलीस की दाखवते. एका पानावर तुझ्या दुधाच्या ग्लासाचा गोल डाग आहे.

दुसरं, कसम परेड. बेळगावच्या मराठा सेंटरला ट्रेनिंग संपवून पोरं शपथ घेतात, तेव्हा खटाव, माण, जत, तासगावकडून आईबाप येतात. तूही पाहिलीयस, पण तुझं लक्ष आइस्क्रीमवाल्याकडं असायचं. लोक पोरांकडं बघतात, फार तर पुढं दंड फिरवणाऱ्या ड्रम मेजरकडं. बँडमास्टरकडं कुणी बघत नाही. आणि सगळी परेड उभी असते ती त्याच्या लयीवर. मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पायावर पडायला हवा. तेज चाल मिनिटाला १२० पावलं. त्यात थोडी जरी घाई झाली तरी मागच्या रांगांतली पोरं पाय बदलायला लागतात आणि मैदानभर लाट उठल्यासारखी दिसते. बाबांचा हिशेब असा, की परेडनंतर बँडबद्दल कुणी काहीच बोललं नाही तर काम चोख झालं. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. घड्याळ न बघता ते बरोबर तेवढ्यात संपवायचे, मी कितीदा मोजलंय. आताही सकाळी चारभिंतीकडं फिरायला जातात ते त्याच १२० च्या चालीनं. माझी दमछाक होते, मी अर्ध्या वाटेवरून परत येते.

आता मुख्य गोष्ट. लढाईत बँडवाले काय करतात, हे मला लग्नानंतर किती वर्षं ठाऊक नव्हतं. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल पेटलं आणि बाबांची पलटण वर गेली. तू बालवाडीत होतीस. बाबांची पत्रं यायची, 'मजेत आहे, थंडी आहे.' भाऊजींनी एकदा चेष्टेत विचारलं, "काय हो, तिथं पाकिस्तान्यांना मार्च ऐकवताय का?" मी हसले नाही, पण उत्तरही माझ्याजवळ नव्हतं.

लढाई लागली की वाद्यं स्टोअरमध्ये जातात आणि बँडवाले स्ट्रेचर उचलतात. ही रीत जुनी आहे. जखमी खाली आणायचे, रात्री, दगडधोंड्यांतून. बाबा याबद्दल फारसं बोलत नाहीत, एकच गोष्ट सांगितली आहे, तीही तंत्र सांगितल्यासारखी. स्ट्रेचर उचलताना पाय जुळवून चालायचं नसतं. सगळ्यांचा पाय एकदम पडला की स्ट्रेचर झोके खातं आणि जखमी माणूस कळवळतो. म्हणून पुढच्यांचा डावा पडला की मागच्यांचा उजवा पडायला हवा. "जन्मभर पाय जुळवायला शिकलो," म्हणाले, "आणि तिथं शरीर आपोआप जुळवायला बघायचं. ते मोडायला पहिल्या रात्री फार त्रास झाला." एवढं बोलून उठले आणि नळाचा वायसर बदलायला गेले.

हे घाल. याच शब्दांत घाल, भोवती विशेषणं नकोत. भाऊजी पहिल्या रांगेत असतील, त्यांनाही ऐकू दे.

बिगुलाचंही सांग. आपल्या भागात तिरंग्यातून पोर घरी येतं, बंदुका उलट्या करायचा 'शोक शस्त्र'चा हुकूम होतो आणि मग बिगुलावर निरोपाची धून, लास्ट पोस्ट, वाजते, ती टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली आहे. बिगुलाला बटणं नसतात. सगळं काम ओठांवर, आणि मिळतात इनमीन पाच सूर. थंडीत ओठ फुटलेले असोत, समोर आई हंबरडा फोडत असो, सूर फाटता कामा नये. बाबा नव्या बिगुलरना सांगायचे, "तुझं रडणं नंतर. हे त्या घरचं आहे." त्यांच्या हाताखालची पोरं आज कुठं कुठं पलटणींत आहेत, दिवाळीला फोन करतात, आणि अजून फोनवर 'साहेब, जरा ऐका' म्हणून वाजवून दाखवतात. बाबा लगेच सांगतात, वरचा सूर उतरलाय. कौतुकाचा शब्द नाही! मी मागून खुणा करते, पण उपयोग शून्य.

कॅप्टन रामसिंग ठाकुरींचं नाव घेतलंस तर बाबांना बरं वाटेल. आझाद हिंद सेनेचे. 'कदम कदम बढाये जा'ची चाल त्यांची. नंतर लखनौला पोलिसांचा बँड सांभाळला. चाल देशातल्या पोराटोरांना पाठ आहे, नाव विचारलं तर शंभरात एकाला सांगता येणार नाही. बाबांना त्याचं वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "चाल राहिली ना?" मला मात्र वाटतं, आणि म्हणूनच हा सत्कार व्हावा म्हणून मी माजी सैनिक संघटनेच्या लोकांच्या मागं लागले होते. हे बाबांना माहीत नाही, सांगू नकोस.

मानपत्रात 'सुभेदार मेजर' पूर्ण लिहायला सांग, मागच्या वेळी एकाचं नुसतं 'सुभेदार' छापलं होतं आणि गृहस्थ फ्रेम घेऊन परत गेले. शाल नारळ असू दे, फेटा नको, त्यांना कानावर काही आलं की चालत नाही. आणि डीजे ठरवलाय असं कानावर आलंय. तो तेवढा तू पुण्यातून फोन करून बंद पाड, माझं कुणी ऐकत नाही. आपल्या गल्लीतली सहा पोरं बाबांकडं संध्याकाळी शिकायला येतात, त्यांनाच दोन धुना वाजवू दे. अजून कच्ची आहेत, एक जण ठोका सोडून पळतो, पण बाबा तेवढंच लक्ष देऊन ऐकतील.

त्या पोरांसाठी येताना क्लॅरिनेटच्या रीडचं, म्हणजे तोंडाशी लावायच्या पातळ पट्ट्यांचं, एक पाकीट आण. साताऱ्यात मिळत नाहीत. अडीच नंबरच्या घे. मागं तुझ्या दादानं तीनच्या आणल्या, त्या जाड पडतात, पोरं गाल फुगवून लाल होतात आणि आवाज काही निघत नाही. पैसे बाबांकडून घेऊ नकोस, मी देते.

तुझी आई