कमी खर्चातला गेमिंग संगणक : मित्रास पत्र

म्हापसा, गोवा

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

चवथीपूर्वी गेमिंगसाठीचा संगणक स्वतः जोडण्याचा तुझा बेत मला पटला, पण पाठवलेली यादी पटली नाही. तिच्यात प्रोसेसर आठ कोरचा (कोर म्हणजे त्यातला स्वतंत्रपणे काम करणारा भाग), कॅबिनेट रंगीत दिव्यांचे आणि पडद्यावरचे चित्र रंगवणारे ग्राफिक्स कार्ड तेवढे उरल्यासुरल्या पैशांतले आहे. हा क्रम नेमका उलटा हवा.

आधी मॉनिटर ठरव, कारण बाकीच्या भागांवर किती भार पडणार हे त्यावरच अवलंबून असते. फुल एचडी पडद्यावरील एका फ्रेममध्ये, म्हणजे एका चित्रात, २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल (ठिपके) असतात, फोर-केमध्ये त्याच्या चौपट. ६० हर्ट्‌झच्या पडद्याला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र लागते, तर १४४ हर्ट्‌झच्या पडद्याला ६.९ मिलिसेकंदांनी. तेवढ्या अवधीत कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली आणि काय काय रंगवायचे हे प्रोसेसर ठरवतो, रंगवण्याचे काम कार्ड करते, आणि दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्या गतीने खेळ चालतो. कोण मागे पडतो हे पाहण्यासाठी गेमचे रिझोल्यूशन, म्हणजे पिक्सेलची संख्या, उतरवून बघ: सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होते, तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर. नव्या, भारी ग्राफिक्सच्या गेममध्ये बहुधा कार्डच आधी दमते, म्हणून पैशांचा मोठा वाटा तिकडे जावा.

सरासरी फ्रेमच्या आकड्यावर मात्र भुलू नकोस. घुमट या मातीच्या वाद्यावर होणाऱ्या घुमट आरतीत एकच ठोका उशिरा पडला तरी ठेका गेल्याचे सगळ्यांना कळते. तसेच सरासरी सेकंदाला ९० फ्रेम असूनही मधली एखादी फ्रेम ५० मिलिसेकंद रेंगाळली की खेळ अडखळतो. कार्डाची स्वतःची मेमरी भरली आणि टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) मुख्य रॅममधून आणावी लागली की असे हमखास होते, त्यामुळे ८ जीबीपेक्षा कमी मेमरीचे कार्ड स्वस्त मिळाले तरी मी घेणार नाही.

माझ्या मते रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर आणि आरएक्स ६६०० हे कार्ड ही जोडी फुल एचडीला पुरेशी आहे. प्रोसेसर २०२२ चा आणि कार्ड २०२१ चे, म्हणजे दोन्ही जुनी. पण जुनेपणाची लाज कशाला? कार्ड लगेच घेणे जमत नसेल तर अंगभूत ग्राफिक्सचा ५६००जी घेता येईल. मात्र त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ५६०० च्या निम्मी, म्हणजे १६ एमबी आहे, हे लक्षात ठेव. रॅम १६ जीबीची एकच स्टिक न घेता ८ जीबीच्या दोन घे, म्हणजे रॅमकडे जाणारे दोन्ही मार्ग (चॅनल) वापरले जातात, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी एक्सएमपी ही सोय चालू कर. नाहीतर ३२०० वेगाच्या रॅमचे पैसे मोजून रॅम त्याहून कमी वेगाने चालत राहील.

पॉवर सप्लायवर काटकसर करू नकोस, विशेषतः वाळपईत, जिथे पावसाळ्यात वीज कधी जाईल आणि येताना किती व्होल्टेज घेऊन येईल याचा भरवसा नसतो. कार्ड १३२ वॉटचे आणि प्रोसेसर ६५ वॉटचा आहे, तेव्हा नामांकित कंपनीचा ५५० वॉटचा सप्लाय पुष्कळ झाला. ‘८० प्लस’ची खूण विजेची बचत सांगते, टिकाऊपणा नव्हे. यूपीएस (वीज गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर चालवणारे यंत्र) घेताना व्हीए (व्होल्ट-अँपिअर) नव्हे, वॉट बघ. ६०० व्हीएच्या पुष्कळ यूपीएसची क्षमता ३६० वॉटच असते. पावसाळ्यात संगणक आठवडेच्या आठवडे बंदही ठेवू नकोस. रोज थोडा वेळ तापला की आत ओल धरत नाही.

जोडणीत खरी कसोटी कूलरची. ५६०० सोबत येणारा कूलर स्क्रूंनी बसतो, त्यासाठी मदरबोर्डवरचे प्लास्टिकचे ब्रॅकेट काढावे लागतात, आणि ते काढताच मागची लोखंडी पट्टी सुटते. ती एका हाताने खालून धर, चारही स्क्रू आधी दोन-दोन आटेच फिरव आणि मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळ. थर्मल पेस्ट कूलरला आधीच लावलेली असते, तिला बोट लावू नकोस. शेवटी मॉनिटरची केबल कार्डालाच जोड. ५६०० असताना मदरबोर्डच्या पोर्टमधून चित्रच येत नाही.

भाग मागवण्यापूर्वी खोलीतल्या सॉकेटचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घे आणि सुधारलेली यादी मला धाड. काकींना नमस्कार सांग.

तुझा,
विनय